चौदाव्या शहराची जुनी कार्डं

माझ्याकडे त्या वर्षीची वही अजून आहे. लांबट, कडक पुठ्ठ्याची, निळ्या कापडी पाठीची. पुढून उघडली की कामाच्या याद्या आहेत: कुठल्या शहराला किती प्रश्नावल्या पाठवल्या, किती भरून आल्या, खोकी कोणत्या दिवशी निघाली, कोणाला फोन करायचा राहिला. प्रत्येक ओळीच्या आधी एक छोटा चौकोन, आणि काम झालं की त्यात बरोबरची खूण. वही उलटी करून मागून उघडली की मात्र एकच यादी आहे. तिला मथळा नाही. त्यात नऊ कलमं आहेत आणि नऊच्या नऊ एकाच मुलीबद्दल आहेत.

मुलगी म्हणते खरी, पण ती तेव्हा एकतीस वर्षांची होती. मी सेहेचाळीसची.

साल २००४. इंडोनेशियात त्या वर्षी लोक पहिल्यांदाच थेट मत देऊन राष्ट्राध्यक्ष निवडणार होते. आमचं ऑफिस सिंगापूरला, तांजोंग पगारमध्ये, अकराव्या मजल्यावर. एरवी आम्ही साबण, बिस्किटं आणि मोबाइल फोन यांबद्दल लोकांना प्रश्न विचारत असू. निवडणुकीचा पोल हे आमच्यासाठी नवं काम होतं. ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या एका बँकेला हवा होता तो पोल. तिकडे कोण निवडून येईल याच्यावर त्यांचे पुढचे बेत अवलंबून होते. वर्तमानपत्रात छापायला नव्हता, फक्त त्यांच्यापुरता. इंडोनेशियातली चौदा शहरं, प्रत्येक शहरात घरोघर जाऊन प्रश्न विचारणारी माणसं, आणि भरलेल्या प्रश्नावल्या खोक्यांतून विमानाने आमच्याकडे.

हे जाणं-येणं सगळं माझ्याकडे. आमच्या धंद्यात त्याला फील्ड म्हणतात. कोणाचं दार ठोठावायचं, त्या घरातल्या कोणाशी बोलायचं, दार उघडलं नाही तर पुन्हा कधी जायचं, दहातल्या एका घरी नंतर फोन करून खरंच कोणी आलं होतं का हे कसं तपासायचं, या सगळ्याचे नियम असतात, आणि ते पाळून घेणारी बाई मी. नऊ वर्षं ते करत होते. एकही काम उशिरा गेलं नव्हतं. याचा मला अभिमान होता आणि तो मी लपवत नसे.

आकडे तिच्याकडे. ती पुण्याची, संख्याशास्त्रातली डॉक्टरेट सिंगापुरातच, क्लेमेंटीजवळच्या विद्यापीठात केलेली, आणि तिथेच एका फ्लॅटमध्ये भाड्याच्या खोलीत राहणारी. आमची ओळख झाली ती इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या जेवणात, पत्रावळ्या मोजताना. नोकरी शोधतेय म्हणाली. तिचा अर्ज मीच बॉसच्या टेबलावर नेऊन ठेवला. एम्प्लॉयमेंट पासचा, म्हणजे इथे नोकरी करायच्या परवान्याचा, फॉर्म माझ्याच डायनिंग टेबलावर भरला तिने, मी बाजूला बसून रकाने दाखवत होते. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, टेबल धरायचं तर खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवायचं असतं, तेही मीच शिकवलं. या गोष्टी मागच्या यादीत नाहीत.

यादीत आहे ते असं. पहिलं कलम: "ढोबळमानाने" हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरते. दुसरं: स्टेपलर परत जागेवर ठेवत नाही. तिसरं: विचारते फार. चौथं मात्र ऑफिसचं नाही. त्यात एवढंच लिहिलंय: रविवार, सायकल.

त्याचं झालं असं, की आमची मुलगी चौदा वर्षांची होती आणि गणितात अडखळत होती. ही पुण्याची आमच्याकडे जेवायला आली असताना हिने तिला पाचेक मिनिटांत काहीतरी समजावलं, आणि तेव्हापासून दोघी रविवारी सकाळी ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठी सायकली भाड्याने घेऊन फिरायला लागल्या. मी मुलीला तीन वर्षं सायकलवर चल म्हणत होते. घरी आल्यावर तासभर तिचंच कौतुक, तेही इथल्या मुलांच्या इंग्रजीत. "आई, शी इज सो फनी, लाह." मी म्हटलं, मी पण फनी आहे. तिचे बाबा वर्तमानपत्रामागे हसले.

तिचा हेवा वाटतो हे मी तेव्हा कबूल केलं नसतं. मला वाटायचं, मी फक्त नोंदी ठेवतेय.

ऑफिसात तर दिसतच होतं. आमचा बॉस इथलाच, चिनी वंशाचा, मोजकं बोलणारा माणूस. पूर्वी सकाळी आला की आधी माझ्या टेबलाशी थांबायचा: खोकी आली का, कुठलं शहर मागे आहे? ती आल्यानंतर सहा महिन्यांत तो माझ्या टेबलावरून सरळ पुढे तिच्याकडे जायला लागला. जाताना मान हलवायचा, अगदी नाही असं नाही. पण थांबायचा तिकडे. एप्रिलमध्ये त्याने आम्हा दोघींना बोलावून सांगितलं, की आता फील्ड आणि आकडे यांवर मिळून एकच प्रमुख नेमायचा आहे. दोघींपैकी कोण, ते तो या पोलनंतर ठरवणार होता. स्पष्ट बोलणारा माणूस. बाहेर आल्यावर ती मला मराठीत म्हणाली, "ताई, हे तुम्हालाच मिळणार, बघा." आम्ही ऑफिसात आपसात मराठी बोलायचो, इतर कोणाला कळत नसे. मी म्हटलं, "बघू." आणि मनात म्हटलं, एवढं उदार व्हायला हिच्या खिशात आहे काय?

आता कार्डांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे.

घरोघर गेलेला माणूस लोकांच्या हातात एक कार्ड देतो. आमच्या कार्डावर पाच जोड्यांचे फोटो होते, राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांच्या, आणि प्रत्येक फोटोखाली एक ते पाच क्रमांक. समोरचा माणूस बोट ठेवतो, विचारणारा प्रश्नावलीत तेवढ्या क्रमांकाभोवती गोल करतो. प्रश्नावलीत नावं नसतात, नुसते क्रमांक. पहिली कार्डं छापली तेव्हा तिकडच्या निवडणूक आयोगाने उमेदवारांना क्रमांक दिलेले नव्हते, म्हणून आम्ही आमच्या मनाने दिले, नावांच्या आद्याक्षरांच्या क्रमाने. मग आयोगाने चिठ्ठ्या काढून खरे क्रमांक दिले आणि ते अर्थातच वेगळे निघाले. तेव्हा नवी कार्डं छापली. जुन्या कार्डावरचा तीन आणि नव्या कार्डावरचा तीन ही दोन वेगळी माणसं होती. हे मला इतकं पक्कं माहीत होतं, की वहीत मी ते लाल शाईने लिहून ठेवलं होतं.

तेरा शहरांना नवी कार्डं वेळेवर गेली. मग बँकेने ऐन वेळी आणखी एक शहर मागितलं, सुमात्रा बेटावरचं. नाव लिहीत नाही, शहराचा काही दोष नव्हता. तिथल्या माणसांचं प्रशिक्षण सोमवारी, काम बुधवारपासून, आणि छापखान्यातून चाळीस जादा कार्डं मिळणार मंगळवारी. मी तिथल्या सुपरवायझरला फोनवर सांगितलं, सराव जुन्या कार्डांवर करून घ्या, खरं काम नव्यावर. आणि वहीत दोन ओळी लिहिल्या. "जुनी ४०, सरावासाठी, पाठवली." चौकोनात खूण. "नवी ४०, मंगळवारच्या कुरियरने." चौकोन.

त्या मंगळवारी दुपारी बॉसने तिला खिडकीकडची केबिन दिली. आकड्यांचं काम शांततेत व्हावं म्हणून, असं त्याने मला आधी येऊन समजावलंही. कोणीतरी केक आणला. मी केकचा तुकडा घेतला, माझ्या जागेवर आले, वही उलटी केली आणि पाचवं कलम लिहिलं. ते इथे देत नाही, चांगलं नाही. मग डोकं दुखतंय असं सांगून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एमआरटीच्या गाडीने घरी गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

तीन आठवड्यांनी, एका बुधवारी सकाळी, तिने आमच्या सगळ्यांसमोर प्रेझेंटेशनची रंगीत तालीम केली. खरं प्रेझेंटेशन शुक्रवारी बँकेत होतं. तेरा शहरं ठीक होती. चौदाव्यावर ती थांबली. इथे चित्र एकदम उलटं आहे, म्हणाली. बाकीकडे मागे असलेली जोडी इथे पुढे, पुढची मागे. मग तिने कारण सांगितलं: बंदराचं शहर, बाहेरून आलेले कामगार, जुन्या पक्षांशी नातं तुटलेले तरुण मतदार. फार छान सांगितलं. बॉस पुढे वाकून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, बँकेला हीच गोष्ट ऐकायची आहे, ही पहिली दाखव.

मी शेवटच्या खुर्चीत बसून तो उलटा झालेला क्रम बघत होते, आणि मला तो कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता.

जागेवर येऊन वही पुढून उघडली. पान सापडायला एक मिनिटही लागलं नाही. चौदावं शहर, दोन ओळी. पहिल्या चौकोनात खूण. दुसरा चौकोन रिकामा.

मी स्टोअरमध्ये गेले. खालच्या फळीवर छापखान्याचं खोकं होतं, चिकटपट्टी तशीच. उघडलं. चाळीस नवी कार्डं, एकमेकांना चिकटलेली, लॅमिनेशनचा वास अजून गेला नव्हता. सुपरवायझरने माझी वाट पाहिली नाही, कारण "काम थांबता कामा नये" हे त्याला मीच दर फोनला बजावलेलं. सरावाची कार्डं हातात होती, ती घेऊन तो बाहेर पडला. लोकांनी आपल्या माणसावर बोट ठेवलं आणि आम्ही ते मत दुसऱ्याच्या नावावर लिहिलं. बंदर, कामगार, तरुण मतदार, असलं तिथे काही नव्हतं. होती ती माझी जुनी कार्डं.

आणि रिकाम्या चौकोनाची तारीख तीच, पाचव्या कलमाची.

खोकं मी पुन्हा चिकटपट्टी लावून जागेवर ठेवलं. पहिला विचार घाबरल्याचा आला, हे खरं. पण दुसरा विचार यायला फार वेळ लागला नाही, आणि तो मी जसा होता तसा लिहिते. शुक्रवारी बँकेत ती हीच गोष्ट पहिली दाखवणार. त्या बँकेत इंडोनेशियाची खडान्‌खडा माहिती असलेली माणसं आहेत. एखादा तरी हसेल. कार्डांपर्यंत कोणी पोचणार नाही, कारण कार्डं कोणती गेली ते फक्त माझ्या वहीत आहे. बंदर आणि कामगार मात्र तिच्या तोंडचे असतील. मग बॉस पुन्हा माझ्या टेबलाशी थांबेल. मला काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

गुरुवारी दुपारी ती माझ्याकडे आली. टेबलाला टेकून उभी राहिली, हातात तो माझाच स्टेपलर.

"ताई, त्या चौदाव्या शहरात फील्डला काही वेगळं झालं होतं का? काहीही. पाऊस, सुट्टी, माणसं बदलली, काही?"

"का गं?"

"एप्रिलमधल्या संसदेच्या निवडणुकीत कोणत्या पक्षाला मत दिलं हेही विचारलंय ना आपण त्यांना. एका पक्षाचे मतदार आपल्याच नेत्याला सोडून सगळेच्या सगळे दुसरीकडे गेलेत. थोडे जातील, ढोबळमानाने अर्धे जातील. सगळे कसे जातील? तुमच्या वहीत बघता का जरा?"

वही टेबलावरच होती, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर.

"बघितलंय मी," मी म्हटलं. "सगळं नेहमीसारखं."

ती बरं म्हणाली, स्टेपलर माझ्या टेबलावर जागच्या जागी ठेवला आणि गेली.

त्या संध्याकाळी घरी मी भाजी चिरत असताना मुलगी म्हणाली, की रविवारी सायकलिंग नाही बहुतेक, कारण तिच्या या मैत्रिणीला टेन्शन आहे. तिच्या पासची मुदत संपत आलीय आणि ऑफिसात काहीतरी बरोबर लागत नाहीये. मला तिच्या पासचं माहीत होतं; तारीख मीच तिला कॅलेंडरवर लाल गोल करून दिली होती. पण आपल्या ऑफिसातली गोष्ट आपल्याला आपल्या मुलीकडून कळावी, याचाच मला आधी राग आला. नवरा म्हणाला, "तू मदत कर ना तिला. तुझ्याइतकं फील्ड कोणाला कळतं?" तो कौतुकाने म्हणाला. मी भाजी जास्तच बारीक चिरली.

जेवणाआधी मी वही काढून मागची यादी वाचली. तोपर्यंत सात कलमं झाली होती. स्टेपलर, ढोबळमानाने, सायकल. तिसऱ्या कलमाशी मी अडले. विचारते फार. कालच्या प्रेझेंटेशनमध्ये बॉसपासून सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, आणि स्वतःच्याच छान गोष्टीवर शंका घेऊन विचारायला आली ती हीच एकटी. मी फील्डमधल्या माणसांना नऊ वर्षं हेच शिकवत होते, की खात्री नसेल तर विचारा. मला बरं वाटलं नाही. त्याला पश्चात्ताप म्हणणार नाही. एवढंच कळलं, की चौकोन रिकामा ठेवून मला राहता येत नाही.

शुक्रवारी मी पहिल्या गाडीने निघाले आणि सातला ऑफिसात पोचले. वहीतल्या त्या पानाची झेरॉक्स काढली आणि तिच्या टेबलावर ठेवून यावी म्हणून केबिनकडे गेले. ती आतच होती. कालचेच कपडे नव्हते, पण चेहरा कालचाच होता.

मी कागद तिच्यापुढे ठेवला. "काल विचारलंस त्याचं उत्तर."

दोनच ओळी होत्या. तिने त्या वाचल्या, मग आपला स्क्रीन माझ्याकडे वळवला. प्रेझेंटेशनच्या दोन फाइली होत्या. एकीत चौदा शहरं, दुसरीत तेरा.

"मला खणात जुनं कार्ड सापडलं होतं," ती म्हणाली. "त्याचे क्रमांक लावून बघितलं तर सगळं जागेवर बसलं. बुधवारी संध्याकाळीच."

"मग काल विचारलंस कशाला?"

"तुम्ही सांगाल म्हणून."

तिचा आवाज चढला नाही, पण मराठी जरा तिखट झाली.

"बॉससमोर उभं राहून मी काय म्हणणार होते, ताई? फील्डची चूक आहे? तुमच्या फील्डची? पुरावा काय, तर खणातलं एक कार्ड. आणि तुम्ही म्हणालात सगळं नेहमीसारखं, तेव्हा मला वाटलं मीच चुकतेय. कालपासून धड जेवले नाहीये मी."

"डबा आणलाय मी," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

"डबा नकोय मला." ती खुर्चीत मागे टेकली. "हे त्याला कोण सांगणार? तुम्ही की मी?"

"मी."

"मग तो आला की लगेच सांगा. मला कोणती फाइल न्यायची ते कळू दे."

बॉस आठला आला. मी त्याच्यामागोमाग आत गेले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं: चौदावं शहर, चाळीस कार्डं, स्टोअरमधलं खोकं. कारण दिलं नाही, दिलं असतं तरी त्यात केक आला असता. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला. हे तुला कधी कळलं?

"बुधवारी," मी म्हटलं.

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आज शुक्रवार आहे, एवढं म्हणाला आणि फोन उचलला.

आकडे जुन्या कार्डाप्रमाणे बदलून चाललं नसतं. काही जणांनी वर्तमानपत्रात पाहिलेले नवे क्रमांक वापरले असतील, काहींनी नाही. कोणी काय केलं याची खात्री देता येत नव्हती. तेव्हा तेरा शहरांची फाइल नेली. बँकेतल्या एका बाईने विचारलंच, आम्ही मागितलेलं चौदावं कुठे आहे? प्रेझेंटेशन करायला ती उभी होती, मी बॉसच्या पलीकडे बसले होते. ती म्हणाली, तिथे चुकीची कार्डं गेली होती, ते आमच्याच फील्डने वेळेत शोधून काढलं आणि आम्ही ते शहर पुन्हा करतोय. बँकेतली माणसं खूश झाली. चूक आपणहून सांगणारी कंपनी त्यांना फारशी भेटत नसावी.

"आमच्याच फील्डने." मला त्याचं बरं वाटायला हवं होतं. उलट मला त्याचाही हेवा वाटला. ज्या क्षणी ही मला बुडवू शकली असती, त्या क्षणी हिला हे सुचावं? मी तिच्या जागी असते तर मला सुचलं नसतं, आणि ते मला त्या खुर्चीत बसल्याबसल्या माहीत होतं. आठवं कलम तेच आहे.

परत येताना ती माझ्याशी बोलली नाही. हॉकर सेंटरमध्ये मात्र टिश्यूचं पाकीट दोन खुर्च्यांच्या मधोमध ठेवून माझी वाट बघत बसली होती. डबा घेतला तिने. भाजी फार बारीक चिरलीय म्हणाली.

पुढच्या सोमवारी प्रमुख म्हणून तिचं नाव लागलं. बॉसने मला आधी बोलावून सांगितलं, आणि काम चुकलं म्हणून नाही, असंही सांगितलं. काम कोणाचंही चुकतं. मी गप्प बसले ते दोन दिवस त्याला कशात मोजता येत नव्हते, असं म्हणाला. मला ते अजून पाठ आहे.

चौदाव्या शहरात मी स्वतः गेले. नवी चाळीस कार्डं माझ्या बॅगेत, कपड्यांच्या खाली. सुपरवायझर बिचारा पुन्हा पुन्हा माफी मागत होता. चूक माझी आहे, असं त्याला दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं गेलं. एकेक जुनं कार्ड परत घेतलं, मोजलं, चाळीस भरली. काम चार दिवसांत पुन्हा झालं आणि त्या शहराचं चित्र बाकीच्यांसारखंच निघालं. वेगळं काही नव्हतं तिथे.

जुलैमध्ये मतदान झालं. खोटं कशाला बोलू? चौदाही शहरांचं काम माझ्या हातचं होतं, तरी त्या दिवशी मला वाटत होतं की आमचा पोल चुकावा. सगळा चुकावा, तिच्या आकड्यांसकट, मग त्यात माझी नऊ वर्षं गेली तरी चालतील. पोल चुकला नाही. पहिल्या दोन जोड्या आम्ही सांगितल्या त्याच क्रमाने आल्या. बॉसने पुन्हा केक आणला, आणि सप्टेंबरमधल्या, त्या दोन जोड्यांमधल्या दुसऱ्या फेरीसाठी तिची पहिली लेखी सूचना माझ्या टेबलावर आली: प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात एक अक्षर छापावं आणि प्रश्नावलीवर तेच अक्षर लिहून घ्यावं, म्हणजे कोणतं कार्ड कुठे वापरलं ते कायम कळेल. सूचना चांगली होती. ती मला नऊ वर्षांत सुचायला हवी होती. मी चौकोन काढला, काम केलं, खूण केली.

जुनी चाळीस कार्डं मी कटरवर कापायला घेतली, चुकून पुन्हा कुठे जाऊ नयेत म्हणून. ती पाणी प्यायला आली होती, मशीनजवळ थांबली.

"एक मला द्या, ताई."

"कशाला?"

"असू दे."

एकोणचाळीस कापली, एक दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या केबिनमध्ये सही घ्यायला गेले तर ते कार्ड टेबलावर उजव्या हाताला होतं आणि त्यावर तिचा चहाचा कप. टोमणा होता की टेबलाला डाग पडू नये म्हणून, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. दोन वर्षं रोज तो कप मी तिथे बघितला. नववं कलम तेच: चहाचा कप माझ्या कार्डावर ठेवते. त्यानंतर मागच्या यादीत मी काही लिहिलं नाही. लिहायला होतं बरंच.

मग तिला हाँगकाँगला मोठी नोकरी लागली. माझी मुलगी रडली. जाण्याआधी तिने मला मिठी मारली, मी तिला प्रवासाला लागणाऱ्या वस्तूंची यादी करून दिली. केबिन माझ्याकडे आली, आणि तिचं पदही. खण रिकामे करताना ते कार्ड सापडलं. लॅमिनेशन एका बाजूने सुटलं होतं आणि चहा आत शिरून पाचही जोड्यांच्या मधोमध तपकिरी गोल उमटला होता.

मी चहा करून आणला आणि माझा कप त्या गोलावर ठेवून बघितला. तो बसत नव्हता. तिचा कप मोठा होता.